सूपला उकळी द्यायची की नाही?

विन्याने ठोकून दिलं, "सूपमध्ये कसलं आलंय शास्त्र? हाडं पातेल्यात टाकायची आणि खळाखळा उकळत ठेवायची. आच मोठी तेवढा अर्क जास्त."

"मग हनोईत तुझा फो कोणी तोंडात घेणार नाही," सुजाता म्हणाली. फो हे उत्तर व्हिएतनामचं बीफचं सूप. त्याचा रस्सा इतका नितळ हवा की वाडग्यातल्या तांदळाच्या शेवया तळापर्यंत दिसाव्यात. 3 किलो हाडं असतील तर आधी ती भरपूर पाण्यात दहाएक मिनिटं खळखळून उकळायची, ते पाणी सरळ मोरीत ओतायचं आणि हाडं नळाखाली चोळून धुवायची.

"म्हणजे अर्क मोरीत!"

"अर्क नाही रे, रक्त आणि मळी. दहा मिनिटांत हाडातून दुसरं फारसं काही निघत नाही." मग ताजं 6 लिटर पाणी आणि सहा तास मंद आच. मधूनच एखादा बुडबुडा वर आला पाहिजे, बस्स. खळखळलं की चरबीचे बारीक बारीक थेंब होतात, ते मळीच्या कणांसकट पाण्यात मिसळतात आणि रस्सा गढुळतो. नंतर कितीही गाळा, निवळत नाही. कांदा आणि आलं थेट जाळावर काळं होईपर्यंत भाजून, काळी साल खरवडून घालायचं. चक्रफूल, दालचिनी, लवंग, मसाला वेलची आणि धणे कोरडे भाजून पुरचुंडीत बांधायचे, पण ती पुरचुंडी शेवटच्या तासाभरातच. सहा तास आत राहिली तर रस्सा काढ्यासारखा लागतो. फिश सॉस आणि थोडी खडीसाखर अगदी शेवटी.

"सहा तास गॅस कोण जाळणार? कुकर लावा, सहा शिट्ट्या," नितीन म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. "कुकर चालेल, शिट्ट्या चालणार नाहीत. शिट्टी झाली की आतला दाब एकदम उतरतो आणि रस्सा उसळून उकळतो. म्हणजे जे टाळायचं तेच झालं. दाब आला की आच इतकी बारीक करायची की शिट्टी होताच कामा नये. दीड-दोन तास तसंच, मग कुकर आपोआप गार होऊ द्यायचा. शिट्टी उचलून वाफ काढलीत तर केलेलं सगळं फुकट."

इथवर विन्या हरत होता. पण मकरंदने पारडं फिरवलं. "अण्णा, जपानचं तोंकोत्सु विसरलात. तिथे विन्याचंच खरं." क्युशू बेटावरच्या कुरुमे शहरातलं हे डुकराच्या हाडांचं रामेन, म्हणजे गव्हाच्या शेवयांचं सूप. पांढरा, दुधाळ रस्सा म्हणजे आधी अपघातच होता, पातेलं मोठ्या आचेवर फार वेळ राहून गेलं, असं तिकडे सांगतात. यात हाडं फोडून मज्जा उघडी करायची आणि बारा-बारा तास जोरात उकळायची. पाणी आटेल तसं गरम पाणीच ओतायचं, गार ओतलं की उकळी मोडते. हाडांतून आणि पायांच्या कातडीतून सुटलेलं जिलेटिन चरबीच्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाही, म्हणून तवंग न येता रस्सा दाट होतो. फोमध्ये जो दोष, तोच इथे गुण.

"बघा!" विन्या.

"बघतोय. पण हाडं आधी उकळून धुवायची हे इथेही चुकत नाही. ब्रश घेऊन खाचांतलं काळं रक्त काढलं नाही, तर दुधाळऐवजी मळकट रंग येतो."

त्याच जपानात दाशीला, म्हणजे तिथल्या बहुतेक सूपांच्या पायाभूत रश्शाला, मात्र उकळीचं वावडं. 1 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कोंबू, म्हणजे सुकवलेलं समुद्री शेवाळ, अर्धा तास भिजवायचं आणि मंद आचेवर ठेवायचं. कडेला बारीक बुडबुडे दिसले की कोंबू बाहेर. उकळला तर रस्सा बुळबुळीत आणि कडवट. मग पाण्याला उकळी आणून गॅस बंद करायचा, सुक्या बोनिटो माशाचे 20-30 ग्रॅम काप टाकायचे आणि दोन मिनिटांत न पिळता गाळायचं. पाऊण-एक तासात काम फत्ते, त्यातही बराच वेळ नुसता भिजण्याचा. रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये कोंबूतून ग्लुटामेट हा चव देणारा पदार्थ वेगळा काढला आणि त्या चवीला उमामी म्हटलं. 1913 मध्ये शिंतारो कोदामा यांना बोनिटोत तसाच चव देणारा इनोसिनेट सापडला. दोन्ही एकत्र आले की चव बेरजेपेक्षा कितीतरी वाढते, म्हणून तासन्‌तास आटवायची गरजच पडत नाही. मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, घालायची तीही गॅस बंद करूनच, नाहीतर तिचा वास उडतो.

"आणि फ्रान्समधल्या मार्सेचं बुइयाबेस, ते माशांचं सूप?" नितीन म्हणाला. तिथल्या हॉटेलवाल्यांनी 1980 मध्ये त्याची सनदच केली, कोणते मासे चालतील ती यादी धरून. त्याला पुन्हा जोराची उकळी हवी, कारण ऑलिव्ह तेल रश्शात मिसळून जायला पाहिजे. मंद आचेवर तेल नुसतं वर तरंगत राहतं. पण मासा काही तासभर उकळायचा नाही. घट्ट मासे आधी, मऊ मासे शेवटच्या पाच-सात मिनिटांत.

"म्हणजे शेवटी बरोबर कोण?" विन्याने विचारलं.

"तू दोन सूपांपुरता," सुजाता म्हणाली. "आणि युक्रेनच्या बोर्श्चमध्ये, म्हणजे बिटाच्या सूपमध्ये, आचेपेक्षा क्रम महत्त्वाचा. बीट वेगळं परतायचं, चमचाभर व्हिनेगर घालून. आंबटामुळे लाल रंग टिकतो, नाहीतर उकळून उकळून विटकरी होतो. पण ते रश्शात घालायचं बटाटा शिजल्यावरच. आधी घातलंस तर आंबटात बटाटा दडदडीत राहतो, मग कितीही उकळ."

"टोमॅटोच्या रश्शात बटाटा शिजत नाही तो त्यामुळेच?"

"त्यामुळेच. गॅसला उगीच शिव्या देता."