जंदामाराचा उल्लेख हवा होता
तुमच्या प्रवासलेखातलं गिब रिव्हर रोडवरचा तंबूतला मुक्काम आणि टनेल क्रीकची गुहा, दोन्हींचं वर्णन वाचून वायव्य ऑस्ट्रेलियातल्या किंबर्लीची लाल धूळ पुन्हा नाकात शिरली. पण लेखात जंदामाराचं नावही नाही, याचं फार वाईट वाटलं. तिथल्या बुनुबा या आदिवासी लोकांचा हा लढवय्या १८९०च्या दशकात गोऱ्या वसाहतवाल्यांशी लढला, याच गुहेत लपायचा आणि १८९७ साली टनेल क्रीकपाशीच मारला गेला. हे माहीत असलं की तो ७५० मीटरचा काळोख वेगळाच भासतो.

आम्ही जुलैत, म्हणजे तिकडच्या कोरड्या ऋतूत गेलो होतो. गुडघाभर गार पाणी, डोक्यावर वटवाघळं आणि मध्येच छत कोसळलेल्या जागी उजेडाचा झोत! विजेरीच्या प्रकाशात मगरीचे डोळे चमकले तेव्हा मुलीने माझा हात घट्ट धरला. गोड्या पाण्यातल्या या मगरी सहसा माणसाच्या वाटेला जात नाहीत, तरी अंतर ठेवाच.

जाणाऱ्यांनी प्रत्येकी एक विजेरी आणि भिजले तरी चालतील असे बूट न्या, चपला नकोत. टनेल क्रीकला तंबू लावू देत नाहीत, मुक्काम त्याच भागातल्या विंडजाना गॉर्ज या घळीपाशी करावा लागतो. आणि कोरड्या ऋतूतच जा, पावसाळ्यात तिकडचे रस्ते पाण्याखाली जातात.