सहाव्या डावातला तो घोडा

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कार्लसन-कारुआना, लंडन, नोव्हेंबर २०१८, बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा सहावा डाव; पांढरी मोहरी जगज्जेत्या कार्लसनकडे, काळी आव्हानवीर कारुआनाकडे, आणि शेवट बरोबरीत. तुम्ही म्हणता, ‘माझ्या मोबाइलवरचं इंजिनसुद्धा काळ्याचा विजय दाखवतं, मग कारुआनाला तो दिसू नये? ही ठरवून केलेली बरोबरी आहे आणि तुम्ही तिचं कौतुक करताय.’

इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्राम, खरं सांगतंय. ६८व्या चालीला काळा उंट एच४ या घरावर गेला असता तर विजय होता. पण पुढच्या चाली एकदा पटावर मांडून बघा. मी परवा रात्री मांडल्या. उंटानंतर काळा घोडा ई२वर जातो आणि पांढरा उंट एफ३वर आला की तोच घोडा जी१वर, थेट पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत. तिथून त्याला तीनच घरं: ई२, एफ३, एच३. पांढरा उंट जी४वर आला की तिन्ही बंद. म्हणजे आपला घोडा आपल्याच हाताने कोंडायचा आणि मग राजा शांतपणे जी८वर सरकवायचा. आता चाल पांढऱ्याची, ती टाळता येत नाही, आणि उंट हलला की घोडा सुटतो. हे सगळं कळत असूनही जी१वर ठेवलेल्या घोड्यावरून माझं बोट उचलवेना. माजी जगज्जेत्या कास्पारोव्हने तेव्हा लिहिलं होतं की या चाली कारुआना खेळला असता तर लगेच मेटल डिटेक्टर मागवले गेले असते, म्हणजे लपवलेल्या यंत्राची मदत घेतल्याचा संशय आला असता. आणि घड्याळ? साठाव्या चालीनंतर उरलेल्या डावासाठी मिळाली ती पंधरा मिनिटं आणि दर चालीला तीस सेकंद.

ठरवून बरोबरी करणारे ऐंशी चाली खेळत नाहीत हो! मोहरं गमावलेला कार्लसन एक उंट, प्यादी आणि राजा घेऊन तासन्‌तास तग धरून होता. कौतुक मी या बचावाचं केलं, आणि ते मागे घेणार नाही.

तुमचा राग मला पटतो तो बाराव्या डावाबाबत. काळ्या मोहऱ्यांनी खेळणाऱ्या कार्लसनची स्थिती चांगली होती, समोरच्याकडे वेळ कमी होता, तरी ३१व्या चालीला त्याने बरोबरी देऊ केली. दोन दिवसांनी बरोबरी फोडण्यासाठीच्या जलद डावांत तो ३-० जिंकला, म्हणजे त्याचा हिशेब चुकला नाही. पण प्रेक्षक म्हणून मला तो डाव अजून सलतो. त्यावर लिहा, मी तुमच्या बाजूने असेन.