स्वतंत्र पक्ष जन्मला तो शेताच्या बांधावरून

निवडणुका आल्या की एक संदेश हमखास फिरतो: 'स्वतंत्र पक्ष म्हणजे राजेरजवाडे आणि शेठजी. शेतकऱ्याशी घेणंदेणं नाही. १९७१ ला जनतेने त्याला संपवलं, तेव्हापासून देशात उदारमतवादी पक्ष कोणाला नकोच.' (स्वतंत्र पक्ष हा १९५९ मध्ये निघालेला उदारमतवादी, म्हणजे सरकारी नियंत्रणांऐवजी खुल्या बाजाराच्या बाजूचा पक्ष.) हे वाचून मला दरवेळी राग येतो.

शेतकऱ्यापासूनच सुरुवात करू. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव झाला. जमिनी एकत्र कसायच्या, मालकी शेतकऱ्याचीच, उत्पन्नात क्षेत्राप्रमाणे वाटा. म्हणजे सातबाऱ्यावर नाव राहणार, बांध जाणार! आपल्याकडे हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. काँग्रेसच्याच चरणसिंगांनी तिथेच, अधिवेशनात विरोध केला. आंध्रचे किसान नेते एन. जी. रंगा काँग्रेस सोडून बाहेर पडले आणि राजाजी (चक्रवर्ती राजगोपालाचारी) आणि मिनू मसानी यांच्या या नव्या स्वतंत्र पक्षाचे पहिले अध्यक्ष झाले. पक्ष निघाला तो यातून.

राजे होतेच. जयपूरच्या गायत्रीदेवी, ओडिशाचे सिंहदेव. पण बडोद्याचे फत्तेसिंहराव गायकवाड काँग्रेसचे खासदार होते. ग्वाल्हेरच्या राजमाता विजयाराजे शिंदे १९५७ ला गुनामधून काँग्रेसतर्फे निवडून आल्या, १९६७ ला त्याच गुनामधून स्वतंत्रतर्फे. मग राजांचा पक्ष नेमका कोणता?

शेठजींचं म्हणाल, तर टाटांनी स्वतंत्रला देणगी दिली तशी काँग्रेसलाही दिली.

१९७१ चा पराभव मात्र खरा. १९६७ ला ४४ जागा जिंकून स्वतंत्र लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला होता. गुजरातमध्ये २४ पैकी १२. (महाराष्ट्रात एकही नाही, हे आपलं दुर्दैव.) चार वर्षांत ४४ च्या ८ झाल्या. 'गरिबी हटाव'ची लाट होतीच, पण माझ्या मते इंदिरा गांधींविरुद्ध इतर विरोधी पक्षांशी केलेल्या आघाडीनेही घात केला. ज्या समाजवाद्यांविरुद्ध आयुष्य घालवलं, त्यांच्याच एका गटाशी जागावाटप केल्यावर मतदाराने काय समजायचं? मसानींनी अध्यक्षपद सोडलं. १९७४ ला पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.

आणि 'तेव्हापासून कोणाला नकोच'? १९८९ पासून पक्षनोंदणीसाठी समाजवादावर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. उदारमतवाद्याने खोटं लिहायचं का? शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला, पुढे राज्यसभेत असताना ही अट काढण्यासाठी खासगी विधेयकही दिलं. अट अजून कायद्यात आहे.