खांबांवरचं घर आणि सीनेचं पाणी

2025च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला. तेव्हापासून सोलापूरकडच्या चर्चांत एक तोडगा हमखास निघतो: नदीकाठी बांधायचंच तर खांबांवर उचलून बांधा. इथे अमेरिकेत, इलिनॉय राज्यात, प्लानो गावाजवळ फॉक्स नदीच्या काठी, हा प्रयोग 1951 सालीच झालाय. आर्किटेक्ट कोण, तर मीस व्हॅन डर रोहे.

डॉ. एडिथ फार्न्सवर्थ यांचं हे घर म्हणजे आठ पोलादी खांबांवर धरलेली काचेची पेटी. फरशी जमिनीपासून सव्वापाच फूट वर, तीही पुराचा अंदाज घेऊनच. तरी 1954 साली पाणी आत आलं. 1996 मध्ये आत पाच फूट चढलं, काचा फुटल्या, मधल्या गाभ्याचं, म्हणजे स्वयंपाकघर-बाथरूमच्या भागाचं, लाकूडकाम खराब झालं. 2008 ला पुन्हा दीड फूट. पोलादी सांगाडा टिकला हे खरं, पण सांगाड्यात कोण राहतं?

अंदाज पुढे आणखीच चुकत गेला, कारण वरच्या अंगाला शिकागोची उपनगरं वाढत गेली. पाणी मुरायची जमीन डांबर-काँक्रीटखाली गेली की तेवढ्याच पावसाला नदी जास्त चढते. ओढे बुजवून प्लॉट पाडले की आपल्याकडेही हेच होणार.

म्हणून आधी पूररेषा बघा. निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत बांधूच नये. दोन्हींच्या मधे बांधायचं तर जोतं लाल रेषेच्याही वर हवं. देवळाच्या भिंतीवरची पुराची खूण प्लॉटवर आणायला गवंड्याची पाण्याची नळी चालते, फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. लेव्हल तिथेच फसते. आणि जोतं उंच असलं तरी सेप्टिक टँक खालीच असतो. पुरात पाणी उलटं येतं ते संडासातून, तेव्हा त्या पाइपला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच.

सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाकाठी काचेच्या बंगल्याची स्वप्नं बघणाऱ्यांसाठी एवढंच: फार्न्सवर्थ घराची काच एकेरी. थंडीत तिच्यावर आतून पाणी धरायचं, उन्हाळ्यात घर तापायचं. दारं सोडली तर उघडणाऱ्या खिडक्या दोनच, त्याही पूर्वेकडच्या टोकाला आणि लहान. सोलापूरच्या 42 अंशांत अशा घरात दुपार कशी काढणार? त्यापेक्षा जुनं माळवद, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर, बरं. जाड मातीतून ऊन खाली उतरेपर्यंत संध्याकाळ होते. पावसाळ्याआधी पांढरी माती टाकायचा कंटाळा केला तर गळतं, एवढं मात्र आहे.