प्वेब्लाला जायचं की नाही? एका फॉरवर्डची झाडाझडती

भाचा मेक्सिकोला निघालाय. तिकीट काढल्याचं कळताच नात्यातल्या तिघांनी त्याला एकच मेसेज पाठवला. त्याचा सारांश असा: प्वेब्ला शहर जिवंत ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे, कधीही लाव्हाखाली गाडलं जाईल, तिथे बारा महिने धोक्याचा इशारा असतो, शेजारच्या चोलुलात स्पॅनिश लोकांनी पिरॅमिड पाडून चर्च बांधलं, आणि आपल्या माणसांनी बघावं असं तिथे काही नाही, अर्ध्या दिवसात उरकतं.

आधी ते ‘पायथ्याशी’ बघू. हा ज्वालामुखी, म्हणजे पोपोकातेपेत्ल, शहरापासून चाळीसेक किलोमीटरवर आहे. फोटोत तो चर्चच्या घुमटाला चिकटलेला दिसतो, ती झूम लेन्सची करामत. डोंगर जागा आहे हे मात्र खरं. डिसेंबर 1994 पासून तो धुमसतोय. पण त्याचा लाव्हा घट्ट असतो. तो विवरातच साचून घुमट धरतो आणि मग स्फोटात फुटतो. तापलेल्या राखेचे लोट किंवा चिखलाचे लोंढे उतारावरच्या गावांच्या जिवावर बेततात, म्हणून डिसेंबर 2000 मध्ये तिथल्या हजारो लोकांना हलवावं लागलं. शहराच्या वाट्याला येते ती राख. दिसायला सिमेंटसारखी, पण खरं तर दगड-काचेचा चुरा. कोरड्या काचेवर वायपर फिरवलात तर ओरखडे पडलेच म्हणून समजा. ती पाण्याने गटारात ढकलायची नाही, तिथे ती घट्ट बसते. झाडून पोत्यात भरायची. मे 2023 मध्ये याच राखेमुळे प्वेब्लाचा विमानतळ बंद ठेवावा लागला होता. म्हणजे पर्यटकाचं विमान चुकू शकतं. शहर लाव्हाखाली जाणं ही वेगळीच गोष्ट झाली.

आता तो इशारा. तिथे सिग्नलसारखे हिरवा, पिवळा, लाल असे रंग असतात आणि पिवळ्याचे तीन टप्पे. डोंगराचा मुक्काम बहुतेक वेळ पिवळ्याच्या दुसऱ्या टप्प्यात असतो. मे 2023 मध्ये तो तिसऱ्यावर गेला, जूनमध्ये पुन्हा दुसऱ्यावर आला. पिवळ्याचा अर्थ शहर सोडा असा नाही. विवरापासून 12 किलोमीटरच्या आत जायचं नाही, एवढाच. शिखर चढवून आणतो म्हणणारा कुणी भेटला तर मात्र हात जोडून निघायचं. उतारावरचे लोक या डोंगराला ‘डॉन गोयो’ म्हणतात, म्हणजे आपले ग्रेगोरियोराव, आणि 12 मार्चला त्याचा वाढदिवस करून भेटवस्तू घेऊन वर जातात.

भीतीच घालायची होती तर भूकंपाचं नाव घ्यायचं होतं. 19 सप्टेंबर 2017 च्या 7.1 तीव्रतेच्या भूकंपाचं केंद्र प्वेब्ला राज्यातच होतं. मेसेजमध्ये त्याबद्दल चकार शब्द नाही.

पिरॅमिडचं प्रकरण अर्धं खरं आहे, पण जागा चुकली. चोलुलाचा पिरॅमिड आकारमानाने जगात सर्वांत मोठा. स्पॅनिश आले तोवर त्यावर गवत-झुडपं माजून टेकडीच झाली होती. टेकडीवर चर्च बांधलं, पण खालचा पिरॅमिड आहे तिथेच आहे. 1931 पासून पुरातत्त्वज्ञांनी त्यात काही किलोमीटर बोगदे खणले. देऊळ पाडलं गेलं ते गावातलं, केत्साल्कोआत्ल या देवाचं, आणि त्या जागी मठ उभा राहिला. 1519 मध्ये स्पॅनिश सैन्याने चोलुलात केलेली कत्तल तर मेसेजवाल्याला ठाऊकच नसावी.

राहिलं ‘आपल्या माणसांनी बघावं असं काही नाही’. 1531 मध्ये वसवलेलं हे शहर. लाल विटांत बसवलेल्या तालावेरा, म्हणजे चकचकीत रंगीत मातीच्या फरशा, 1690 चं सोन्याने मढलेलं रोझारियो चॅपल आणि 1646 मध्ये बिशप पालाफोक्सने स्वतःचे 5,000 ग्रंथ देऊन सुरू केलेलं ग्रंथालय. एवढ्याला अर्धा दिवस? मोले, म्हणजे तिथला मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा, खाऊन सुस्ती आली की तो अर्धाही गेला. आणि याच शहरात 1688 मध्ये कातारिना दे सान हुआन वारली. लहानपणी चाच्यांनी पळवलेली, कोचीनहून मनिलामार्गे इथे गुलाम म्हणून विकलेली, मूळची हिंदुस्थानातली बाई. आशियातून आलेला तो ‘चिनी’ अशी तेव्हाची समजूत, म्हणून ती पुढे ‘चीना पोब्लाना’, म्हणजे प्वेब्लाची चिनी बाई, या नावाने ओळखली गेली.

भाच्याला एवढंच सांगितलंय: चोलुलाच्या टेकडीवर सकाळीच चढ. पावसाळ्यात दुपारी ढग आले की डॉन गोयो दिसत नाहीत.