जाड रेडिएटर बसवला म्हणून गाडी गार राहत नाही

मार्च सरला की एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला सहा जणांकडून आला, त्यातले दोघे नात्यातले. मजकूर असा: ‘जुनी स्पोर्टी गाडी तापते? प्लॅस्टिक टाकीचा ओरिजिनल रेडिएटर काढा. मिळेल तितका जाड, तीन रांगांचा फुल अ‍ॅल्युमिनियम रेसिंग रेडिएटर टाका. थर्मोस्टॅट काढून फेका. जास्त प्रेशरचं झाकण लावा. कूलंट ही लूट आहे, साधं पाणी भरा. मेमध्येही इंजिन गार राहील आणि पिकअप वाढेल.’

यात थोडं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. पण हे सगळं एकत्र केलं तर चांगली गाडी कायमची बसते. माझ्याकडे 2001 ची होंडा सिटी व्हीटेक आहे, 106 अश्वशक्तीची. इंदुरात अशा धडधाकट गाड्या फार थोड्या उरल्यात, आणि त्या असल्या सल्ल्याने जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

आधी जाडीचं बघू. इंजिनचं गरम पाणी रेडिएटरमध्ये हवेने गार होतं, आणि त्यातली नळ्यांची जाळी म्हणजे कोर. कोरमधून जाताना हवा पुढच्या नळ्यांवरच तापते. मागच्या रांगेला मिळते ती गरम हवा. पाणी आणि हवा यांच्या तापमानात जितका फरक, तितकी उष्णता बाहेर जाते. त्यामुळे तिसरी रांग पहिलीएवढं काम कधीच करत नाही. वर जाड कोरमधून हवा ढकलायला जोर जास्त लागतो. देवास रोडवर 80 च्या वेगात तो जोर आपोआप मिळतो. राजवाड्याच्या गर्दीत गाडी रांगत असते तेव्हा मात्र सगळी हवा पंख्यालाच ओढावी लागते, आणि पंखा तर तोच जुना. पुढे एसीचा कंडेन्सर, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी, स्वतःची उष्णता ओततच असतो. म्हणून जाडीपेक्षा समोरचं क्षेत्रफळ मोठं असणं कधीही चांगलं. काही रेसिंग रेडिएटर जाड असतात पण रुंदीला मूळच्या निम्मे असतात. ते घेताना टेप लावून बघा.

खरा घात श्राउडचा होतो. पंख्याभोवती प्लॅस्टिकचं जे खोकं असतं ते श्राउड. त्याच्यामुळे पंखा कोरच्या चारही कोपऱ्यांतून हवा ओढतो. जाड कोर बसवला की मागे जागा उरत नाही, मग श्राउड काढतात आणि पंखा पट्ट्यांनी थेट कोरला बांधतात. आता पंख्याच्या गोलाएवढ्याच भागातून हवा जाते, बाकीचा कोर नुसता उभा. 2016 साली मी हेच करून घेतलं. दुकानदार म्हणाला श्राउडची गरज नाही, आणि मी विश्वास ठेवला. महामार्गावर तापमानाचा काटा जागचा हलला नाही. मेमध्ये ओंकारेश्वराहून परतताना भेरूघाटाच्या चढावर ट्रकांच्या मागे अडकलो. पहिला-दुसरा गिअर, एसी चालू. मी गाडी बाजूला घेईपर्यंत काटा लाल पट्ट्यात गेला होता. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, वाकलं, आणि त्याखालचं सील, म्हणजे गॅस्केट, गेलं. सत्तरी ओलांडलेले बाबा भर दुपारी तासभर रस्त्याकडेला बसून होते. ते मी विसरलेलो नाही.

प्लॅस्टिकच्या टाकीबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. वीस वर्षं उकळत्या पाण्यात राहिलेलं नायलॉन ठिसूळ होतं, तपकिरी पडतं, आणि टाकी जिथे कोरला दाबून बसवलेली असते तिथे केसाएवढी चीर जाते. तो रेडिएटर बदलायलाच हवा. पण दोष वयाचा आहे. नवा, मूळ मापाचा, अ‍ॅल्युमिनियम कोर आणि प्लॅस्टिक टाकीचा रेडिएटर रोजच्या गाडीला वर्षानुवर्षं पुरतो. फुल अ‍ॅल्युमिनियमचा चांगला माल उत्तमच असतो, पण स्वस्तातल्याचं वेल्डिंग धक्क्यांनी तडकतं, आणि अ‍ॅल्युमिनियमला रस्त्याकडेला डाख लावता येत नाही. (जुने रेडिएटरवाले तांब्या-पितळेच्या रेडिएटरची बाजू घेतात. तांबं उष्णता जास्त वाहून नेतं हे खरं, पण त्या नळ्या अरुंद आणि जोड डाखाचे. अ‍ॅल्युमिनियमच्या रुंद नळ्या तो फरक भरून काढतात. पितळेची टाकी उघडून सळईने साफ करता येते, हा तिचा मोठा गुण.)

थर्मोस्टॅटबद्दल मात्र मेसेज पूर्ण चूक आहे. ही झडप साधारण 80 ते 90 अंशांच्या दरम्यान उघडते आणि इंजिन त्याखाली जाऊ देत नाही. ती चांगली असेल तर कितीही मोठा रेडिएटर लावा, सपाट रस्त्यावर काटा पूर्वीच्याच जागी राहील. मोठ्या रेडिएटरने मिळते ती कठीण प्रसंगासाठीची शिल्लक. झडप काढली की थंडीत इंजिन गरमच होत नाही. कॉम्प्युटरला ते थंड दिसतं, तो जादा पेट्रोल सोडत राहतो, ते सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. पिकअप वाढत तर नाहीच, झीज वाढते. शिवाय बऱ्याच इंजिनांत झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. झडपच नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतो आणि गाडी उलट जास्त तापते. झडप अडकली असेल तर नवी टाका. रेडिएटरच्या तुलनेत तिची किंमत किरकोळ असते.

झाकणाचं थोडक्यात. इंदूर साधारण 550 मीटर उंचीवर आहे, इथे उघड्या भांड्यात पाणी 98 अंशांच्या आसपास उकळतं. 1.1 बारचं झाकण ते 120 च्या घरात नेतं. त्याहून कडक झाकण उकळणं अजून थोडं पुढे ढकलेल, उष्णता एक कणही कमी करणार नाही, आणि जादा दाब जुन्या होजवर, म्हणजे पाण्याच्या रबरी नळ्यांवर, येईल. मूळ आकड्याचंच झाकण घ्या, फक्त रबर नवं हवं.

साधं पाणी कूलंटपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं, हे खरं आहे. पण कूलंट गंज थांबवतो आणि पाण्याचा उत्कलनबिंदूही वर नेतो. आपल्याकडे अनेक घरांत बोअरिंगचं पाणी येतं. पातेल्याच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तोच नळ्यांत बसतो. नवा रेडिएटर दोन उन्हाळ्यांत निकामी करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेला किंवा तयार कूलंट भरा.

आणि मेसेजमध्ये जे नाहीच ते सगळ्यात आधी करायचं: गाडी कधी तापते ते बघा. उभी असताना तापते आणि पळताना गार होते, तर पंखा, त्याचा रिले (विजेचा स्विच), श्राउड तपासा. पळताना तापते तर कोर तुंबलाय, खालचा होज आत चेपला जातोय किंवा वॉटर पंप गेलाय. कोरवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला की तुंबलेल्या नळ्या गार लागतात. पाणी सतत कमी होतंय आणि टाकीत बुडबुडे येताहेत, तर हेड गॅस्केट तपासा. तिथे रेडिएटर बदलणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

रेडिएटर बदलायचाच ठरला तर जुना काढून त्याच्या शेजारी नवा ठेवून मोजा: रुंदी, उंची, होजची तोंडं, पंख्याच्या स्विचची जागा, श्राउडचे बोल्ट. आणि जुनं श्राउड दुकानात सोडून येऊ नका. मी सोडलं होतं. तसंच दुसरं मिळायला आठ महिने लागले.