जर्मनीतलं ‘फुकट’ शिक्षण: त्या मेसेजमधली एकेक ओळ

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरू लागतो. यंदा तो मला माझ्याच क्लासमधल्या तीन पालकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: ‘जर्मनीत शिक्षण पूर्ण फुकट. बारावीनंतर थेट प्रवेश. जर्मन यायची गरज नाही, सगळं इंग्रजीत. राहण्याखाण्याचा खर्च पार्टटाइम कामातून निघतो. एकदा प्रवेश मिळाला की डिग्री, नोकरी आणि पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) पक्के. इथल्या प्रायव्हेट इंजिनिअरिंगपेक्षा स्वस्त!’

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते. मुलांनी तिकडे जावं असं मला मनापासून वाटतं, आणि म्हणूनच या मेसेजचा मला राग येतो.

‘पूर्ण फुकट.’ बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फी नाही, हे खरं आहे. सत्राला साधारण शंभर ते चारशे युरो वर्गणी भरायची असते. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांकडून सत्राला 1,500 युरो घेतं. श्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग ही सगळी त्याच राज्यात येतात. पिंपरी-चाकणच्या वाऱ्यावर वाढलेल्या आणि डोक्यात गाड्याच असलेल्या मुलाला नेमकं श्टुटगार्टच हवं असतं, कारण मर्सिडीज आणि बॉश तिथल्या. चार सत्रांच्या मास्टर्सचे तिथे 6,000 युरो होतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही 2024-25 च्या हिवाळी सत्रापासून बाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना फी लावली आहे. मास्टर्सला ती सत्राला 4,000 ते 6,000 युरो पडते.

खासगी विद्यापीठांचं तर विचारायलाच नको. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी ‘जर्मन युनिव्हर्सिटी’ एवढंच ऐकून एका एजंटकडे पैसे भरले होते. ते विद्यापीठ खासगी आहे आणि तिथे दर वर्षी लाखांत फी आहे, हे त्यांना ऑफर लेटर हातात पडल्यावर कळलं. अशा प्रवेशांवर एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, तेव्हा तो सरकारी विद्यापीठाचं नाव आधी का घेईल?

‘बारावीनंतर थेट प्रवेश.’ नाही. नुसत्या बारावीवर जर्मन विद्यापीठ बॅचलर्सला सहसा थेट घेत नाही. जेईई अॅडव्हान्स्ड पास असाल तर तांत्रिक शाखांची वाट उघडते. इथे पदवीचं एक वर्ष नीट पूर्ण केलं असेल तर त्याच विषयात अर्ज करता येतो. नाहीतर ‘श्टुडियनकोलेग’ म्हणजे वर्षभराचा पूर्वतयारीचा वर्ग करायचा आणि शेवटी त्याची परीक्षा द्यायची. त्या वर्गात बसायलाच बहुतेक ठिकाणी बी1 किंवा बी2 पातळीचं (भाषेच्या ए1 ते सी2 या सहा पायऱ्यांपैकी मधल्या) जर्मन लागतं. शिवाय नोव्हेंबर 2022 पासून भारतीय मुलांना व्हिसाआधी ‘एपीएस’ या जर्मन तपासणी केंद्राकडून शिक्षणाची कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. त्याचे 18,000 रुपये आणि काही आठवडे वेगळे धरा.

इथेच ‘सगळं इंग्रजीत’ ही ओळही कोसळते. इंग्रजीतले अभ्यासक्रम मुख्यतः मास्टर्सला आहेत. बॅचलर्सला फार थोडे. जर्मनमधल्या पदवीसाठी साधारण सी1 पातळी लागते. रोज बसून अभ्यास करणाऱ्या मुलालाही शून्यापासून तिथवर जायला दीड-दोन वर्षं लागलेली मी पाहिली आहेत.

‘खर्च कामातून निघतो.’ व्हिसा मागताना बंद खात्यात, म्हणजे ‘श्पेरकोंटो’त, वर्षाचे 11,904 युरो सहसा आधीच दाखवावे लागतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे बारा लाखांच्या घरात जातं. पैसे आपलेच असतात, पण महिन्याला 992 युरोच हातात येतात. उद्या मिळेल त्या पगाराचा हिशेब दूतावास धरत नाही. म्हणजे सगळ्यात मोठी रक्कम पहिल्या पगाराआधीच उभी करावी लागते. ज्या घरात ती सहज उभी राहत नाही, तिथेच हा मेसेज सर्वांत जास्त विश्वासाने वाचला जातो.

काम करता येतं, हेही खरं. वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस परवानगी आहे, आणि 2025 चं किमान वेतन ताशी 12.82 युरो होतं. कागदावर गणित जुळतं. पण सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या वर काम केलं तर विमा आणि सामाजिक सुरक्षेचे नियम बदलतात. म्युनिकमध्ये साध्या खोलीचं भाडंच महिन्याच्या रकमेतला निम्म्याहून मोठा घास घेतं. आणि लहान गावात हॉटेलात किंवा दुकानात उभं राहायचं तर समोरच्या गिऱ्हाइकाशी जर्मनच बोलावं लागतं.

‘प्रवेश मिळाला की डिग्री पक्की’ ही ओळ मला सर्वांत घातक वाटते, कारण ती आपल्या केटीच्या सवयीवर उभी आहे. इथे विषय राहिला तर मूल म्हणतं, पुढच्या वेळी काढू. तिथे सक्तीच्या विषयाला बहुतेक विद्यापीठांत तीनच संधी मिळतात, काही ठिकाणी दोनच. शेवटची गेली की ‘कायमचा नापास’ असा शिक्का बसतो, नाव कमी होतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीतल्या दुसऱ्या विद्यापीठातही सहसा पुढे करता येत नाही. विद्यार्थी म्हणून मिळालेला राहण्याचा परवानाही मग धोक्यात येतो. माझी एक विद्यार्थिनी गणिताच्या पेपरच्या तिसऱ्या संधीआधी रात्री दोन वाजता फोन करून रडली होती. ती पास झाली. पण तीन संधींचा नियम तिला तिकडे पोचल्यावर समजला होता, आणि तो तिला मीही सांगितला नव्हता. त्यानंतर पहिल्याच तासाला मी तो फळ्यावर लिहिते.

‘नोकरी आणि पीआर पक्के.’ पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, नोकरी मिळत नाही. जर्मन पदवीधराला योग्य नोकरीत दोन वर्षं झाली की कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, पण त्यालाही बी1 जर्मन लागतं.

काही जण वर आणखी जोडतात की सरकारनेच जर्मनीशी करार केला आहे. महाराष्ट्राने 2024 मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्गशी केलेला तो करार कुशल मनुष्यबळासाठी आहे. विद्यापीठ प्रवेशाशी त्याचा संबंध नाही.

मग ‘इथल्यापेक्षा स्वस्त’ का? सरकारी विद्यापीठ, फी नसलेलं राज्य आणि इथेच पूर्ण केलेली पदवी असेल तर मास्टर्ससाठी तसं होऊ शकतं. अशी मुलं माझ्याकडून गेली आहेत आणि तिथे छान रुळली आहेत. त्यांतल्या बहुतेकांनी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून संध्याकाळी सहा ते आठ जर्मनचा तास चुकवला नव्हता. तुमच्या घरी हा मेसेज आला असेल तर अभ्यासक्रमाचं नाव घ्या, विद्यापीठाच्या स्वतःच्या पानावर जाऊन फी, भाषेची अट आणि परीक्षेच्या संधी या तीन गोष्टी वाचा, आणि त्यानंतरच एजंटला फोन करा.